जांगड वही आणि परतीचे पार्सल

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आमच्या शहापुरातल्या जुन्या दुकानी अजूनही वह्या पुजल्या जातात. हिशेब आता संगणकात असतो, तरी लाल कापडी बांधणीची एक कोरी वही आणली जाते, तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक निघते, शेजारी हळकुंड-सुपारी मांडली जाते. या नव्या वहीच्या बाजूला एक जुनी वही ठेवण्याचा आमच्या घरी रिवाज आहे. तिच्या पुठ्ठ्यावर आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मोडी वळणाच्या अक्षरात एकच शब्द आहे : जांगड.

गेल्या वर्षी या दोन वह्यांशेजारी एक तिसरी वस्तू येऊन पडली. ते कुरियरचे परत आलेले पाकीट होते. माझ्या पुतण्याची बायको २०२० च्या टाळेबंदीपासून दुकानातल्या साड्या इंटरनेटवरच्या एका मोठ्या बाजारपेठेतून विकते. वडगाव-खासबागच्या मागावरची २,४०० रुपयांची एक साडी तिने पाठवली होती. ती ‘पसंत नाही’ म्हणून परत आली. ऐन पूजेच्या गडबडीत तिने पाकीट फोडले, तर आत एक जुनी, फॉल उसवलेली पॉलिस्टरची साडी! गिऱ्हाइकाला पैसे परत मिळाले होते. आमची साडी गेली, जातायेताच्या वाहतुकीचा भुर्दंड बसला आणि कंपनीकडे केलेला दावा चार दिवसांत ‘पुरावा अपुरा’ या दोन शब्दांत निकालात निघाला.

“काका, तुम्ही आयुष्यभर इतिहास शिकवलात,” ती म्हणाली, “आप्पाजींच्या वेळी असं झालं की ते काय करायचे?”

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे.

जांगड म्हणजे काय?

नव्या पिढीतल्या वाचकांसाठी आधी जांगड म्हणजे काय ते सांगतो. पसंतीच्या बोलीवर माल घरी न्यायचा, दाखवायचा, आवडला तर ठेवून पैसे द्यायचे, नाही तर ठरल्या दिवशी परत आणायचा, या व्यवहाराला जांगड म्हणतात. हिऱ्यामोत्यांच्या व्यापारात तो आजही चालतो. आमच्याकडे लग्नसराईत तो साड्यांचा चाले. घरातल्या बायकांना दुकानात येऊन बसणे जमत नसे, म्हणून दहा-बारा साड्यांचे गाठोडे घरी जाई. वहीत तारीख, नाव, गाव, साडीचा रंग, काठ आणि किंमत लिहिली जाई. पुढे दोन रकाने असत : ‘ठेवली’ आणि ‘परत’.

नियम फार थोडे होते. मुदत बहुधा आठ दिवसांची. साडी अंगाला लावून पाहावी, पण घडी मोडू नये. घडी मोडली की साडी गिऱ्हाइकाची. हा अलिखित नियम सगळ्या पेठेला ठाऊक होता. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या २४ व्या कलमात हीच रीत इंग्रजी कायद्याच्या भाषेत आली आहे : पसंतीच्या बोलीवर दिलेला माल ठरल्या मुदतीत नाकारला नाही, तर तो घेणाऱ्याचा झाला.

तंटे तेव्हाही होत. १९६२ सालची गोष्ट. मी आठवीत होतो. बैलहोंगलकडच्या एका कानडी घरी गेलेल्या साड्यांपैकी एक पदरावर हळदीचा डाग घेऊन परत आली. आप्पा मला घेऊन एस. टी.ने त्यांच्या घरी गेले. घरधनी शपथेवर सांगत होते की साडी कुणी नेसलेली नाही. आतून त्यांच्या आई म्हणाल्या की ताटे मांडताना हात लागला असेल. बराच वेळ कुणी बोलले नाही. मग आप्पा म्हणाले, “अर्ध निम्दु, अर्ध नम्दु.” निम्मे तुमचे, निम्मे आमचे. निम्मी किंमत तिथेच मिळाली, साडी पुढे कमी भावात गेली, आणि त्या घरच्या पुढच्या दोन लग्नांचे बस्ते आमच्याकडेच झाले.

पण जुन्या काळाची आरती ओवाळण्यासाठी मी हे सांगत नाही. जांगड ओळखीच्यालाच मिळे. वहीत त्याच पेठेतल्या, त्याच जातींच्या, त्याच वीस-पंचवीस घराण्यांची नावे पुन्हा पुन्हा येतात. खेड्यातून बाजारच्या दिवशी येणाऱ्या अनोळखी बाईला जांगड नव्हती. तिला कच्च्या रंगाचे लुगडे पक्के म्हणून बांधून दिले आणि पहिल्याच धुण्यात त्याचा रंग गेला, तर तिची दाद कुणीही घेत नसे. विकणारा शिरजोर आणि घेणारा लाचार, हीच बहुतेकांची बाजारपेठ होती.

स्मृतिकारांचा हिशेब

घेतलेल्या वस्तूचा पस्तावा झाला तर काय करावे, हा प्रश्न आपल्या धर्मशास्त्राने फार बारकाईने हाताळला आहे. त्याला त्यांनी ‘अनुशय’ असे नाव दिले. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात त्याची साद्यंत चर्चा आहे. कौटिल्याचे अर्थशास्त्र शामशास्त्रींना १९०५ मध्ये म्हैसुरात सापडले, म्हणजे आपल्याच राज्यात. त्यात सौदा मोडण्याची मुदत व्यापाऱ्यांना एक रात्र, शेतकऱ्यांना तीन आणि गवळ्यांना पाच रात्री अशी आहे. नाशिवंत मालाचा नियम वेगळा.

याज्ञवल्क्याने मुदत मालावर बसवली. बियाण्याच्या परीक्षेला दहा दिवस, लोखंडाला एक, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नांना सात, दुभत्या जनावराला तीन. त्याच यादीत दासदासींच्याही मुदती आहेत, हे विसरून चालणार नाही. तो काळ तसा होता. परंतु कारण उघड आहे : बी उगवते की नाही हे कळायला दिवस लागतात, लोखंडाचा कस लगेच कळतो. याज्ञवल्क्यावरची मिताक्षरा टीका विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात लिहिली. मराठी आणि कानडी जिथे एकमेकांत मिसळतात तिथेच हा हिशेब कायद्याच्या पंडितांनी घोटून पक्का केला.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो नारद. तो म्हणतो, घेतलेली वस्तू त्याच दिवशी, जशीच्या तशी परत करता येते. दुसऱ्या दिवशी केली तर किमतीचा तिसावा भाग घेणाऱ्याने सोडावा, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट, आणि त्यानंतर वस्तू त्याचीच. पुढे तो कपड्यांविषयी स्वतंत्र सांगतो : वापरलेले, मळलेले वस्त्र मुळात सदोष असले तरी विकणाऱ्याकडे परत जात नाही. लग्नात नेसून दुसऱ्या दिवशी परत पाठवलेली साडी नारदाच्या डोळ्यांसमोर असावी असेच वाटते! घेणाऱ्याला परतीचा हक्क आहे, पण त्या हक्काला थोडी किंमतही आहे, हा त्याचा विचार.

टपालखात्याची व्ही. पी.

इंग्रजी अमलात ‘घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावे’ हे तत्त्व आले. १८७२ चा करार कायदा आणि त्यातून वेगळा काढलेला १९३० चा मालविक्री कायदा, दोन्ही त्या तत्त्वावर उभे आहेत. नमुन्यावरून विकलेला माल नमुन्याबरहुकूम असावा यांसारखे अपवाद त्याला आहेत. पण डोळे उघडे ठेवायला वस्तू समोर तरी हवी! रेल्वे आणि टपालामुळे ती समोर असेनाशी झाली. पुस्तके, औषधे, घड्याळे, बियाणे जाहिरात वाचून मागवण्याची पद्धत पडली. त्यासाठी टपालखात्याने १८७७ मध्ये व्ही. पी. सुरू केली. पोस्टमनला पैसे द्यायचे, पार्सल घ्यायचे, पैसे मनिऑर्डरने विक्रेत्याला पोचायचे. मराठी मासिकांच्या वर्गण्या कित्येक वर्षे अशाच वसूल होत होत्या.

व्ही. पी.त खोट होती ती दोन्ही अंगांनी. पैसे आधी आणि उघडणे नंतर, त्यामुळे घड्याळाऐवजी दगड निघाल्याच्या कथा घरोघर असत. उलट मागवणाऱ्याने ऐनवेळी ‘नको’ म्हटले की जातायेताचा खर्च विक्रेत्याच्या माथी. १८९८ च्या टपाल कायद्यात म्हणून दोन तरतुदींची सोय केलेली आढळते. व्ही. पी. पाठवणाऱ्याने खऱ्या मागणीवरूनच पाठवत असल्याचे जाहीर करावे. आणि फसवणूक झाली असेल तर वसूल केलेली रक्कम खात्याने अडवून ठेवून घेणाऱ्याला परत करावी. हा कायदा २०२४ च्या जूनपर्यंत अमलात होता. आज जिला ‘खरेदीदाराचे संरक्षण’ म्हणतात तिची ही आपल्याकडची आजीच म्हणायची. मात्र इथे पैसे अडवणारे खाते स्वतः दुकानदार नव्हते, कुणाचा माल वर दाखवायचा आणि कुणाचा खाली हे ठरवणारेही नव्हते. त्याला आपल्या हशिलाशी काम.

ग्राहकाची बाजू

इथे मला एक कबुली द्यायची आहे. मी दुकानदाराचा मुलगा असलो तरी नोकरी करू लागल्यावर ग्राहक चळवळीकडे ओढला गेलो. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. भेसळ, टंचाई आणि साठेबाजीचे ते दिवस होते. रॉकेलच्या रांगेत उभे राहिलेल्या माणसाला ग्राहक राजा असतो हे वाक्य थट्टेसारखे वाटे. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली तेव्हा आम्ही काही मंडळींनी पेढे वाटले होते. आप्पांनीही एक घेतला आणि म्हणाले, “आता आमच्यावर खटले घालणार की काय?” मी म्हणालो, “तुमच्यासारख्यांवर नाही.” ते उत्तर किती भाबडे होते ते आता कळते आहे.

अनोळखी माणसांचा बाजार

१९७० मध्ये जॉर्ज अॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला. त्याचे सार असे : मालाचा खरा कस विकणाऱ्यालाच ठाऊक असेल, तर घेणारा सगळ्यांनाच संशयाने कमी भाव देतो, त्या भावात चांगला माल परवडत नाही, तो बाजारातून उठून जातो आणि रद्दी उरते. २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तोवर इंटरनेटवरचा बाजार सुरू झाला होता आणि त्याच्यापुढे हाच प्रश्न होता.

१९९५ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या ईबे या बाजाराने प्रारंभी सगळा भार अभिप्रायावर टाकला. घेणाऱ्याने विकणाऱ्याविषयी लिहावे, विकणाऱ्याने घेणाऱ्याविषयी. ही जणू जगभरची जांगड वही! पण पुढे असे दिसले की वाईट शेरा मारला की विक्रेता सूड म्हणून उलट तसाच शेरा मारतो, आणि त्या भीतीने गिऱ्हाईक खरे बोलत नाही. म्हणून २००८ च्या मे महिन्यापासून विक्रेत्याला गिऱ्हाइकाविषयी वाईट लिहिण्याची मुभाच काढून घेण्यात आली. कारण रास्त होते. पण वहीचे एक पान तेव्हा फाडले गेले. घेणारा कसा आहे हे पुढच्या विक्रेत्याला कळण्याचा मार्ग बंद झाला.

आपल्याकडे फ्लिपकार्ट २००७ मध्ये बंगळुरात सुरू झाली. लोक आगाऊ पैसे द्यायला बिचकत होते, म्हणून २०१० मध्ये तिने माल हातात पडल्यावर पैसे घेण्याची सोय केली. व्ही. पी. नव्या वेषात परत आली, आणि सोबत सहज परतीचे आश्वासनही आले. २०१३ मध्ये अॅमेझॉनचा भारतीय बाजार उघडला. त्याच सुमारास फ्लिपकार्टनेही इतर विक्रेत्यांना आपल्या बाजारात जागा द्यायला सुरुवात केली. तेव्हापासून परतीचे वचन देणारा एक आणि तोटा सोसणारा दुसरा, अशी विभागणी पडली.

हे संरक्षण छोट्या विक्रेत्याच्या मुळावरच आले, असे मी म्हणणार नाही. आमच्या सूनबाईच्या साड्या इंदूर, बडोदे, हैदराबादच्या मराठी घरी जातात. त्या घरच्या बायकांनी शहापूरचे नाव आजीकडून ऐकलेले असेल, पण आमच्या दुकानाचे नाव त्यांना कसे ठाऊक असणार? ‘आवडली नाही तर परत’ या आश्वासनावर त्या २,४०० रुपये टाकतात. नावाजलेल्या पेढीला या आश्वासनाची गरज कमी, अनोळखी दुकानाला जास्त. आप्पांची जांगड वीस-पंचवीस घरांपुरती होती, हिची सगळ्या देशाला खुली आहे. खेड्यातल्या त्या अनोळखी बाईलाही आज दाद मिळते.

दुखणे आहे ते निवाड्याच्या रीतीत. पैसे कंपनीकडे जमा होतात आणि ठरावीक दिवसांनी कमिशन, वाहतूक वगैरे वजा होऊन विक्रेत्याला मिळतात. परतीची मुदत कंपनी ठरवते. साडी नेसून पाहिली की लग्नात मिरवून आणली, हे उचलून नेणारा कुरियरचा मुलगा दोन मिनिटांत काय ओळखणार? तंटा झाला तर निवाडाही कंपनीच करते, आणि दोघांतल्या गिऱ्हाइकाला राखणे तिच्या फायद्याचे असते. विक्रेते तिला रोज नवे मिळतात. परतीचे प्रमाण वाढले की विक्रेत्याचा दर्जा घसरतो आणि त्याचा माल यादीत खाली जातो. मोठा व्यापारी शंभरांत पाच-सात पार्सले बुडीत धरून किंमत लावतो. महिन्याला तीस साड्या विकणारीची दोन पार्सले बुडाली तर तिची त्या महिन्याची मजुरी गेली. आणि मागावर बसलेल्या विणकराची पुढची मागणीही तिथेच अडते.

कायदा काय म्हणतो तेही पाहू. २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० रोजी अमलात आला आणि २३ जुलैला ई-कॉमर्सचे नियम निघाले. माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीबरहुकूम नसेल तर विक्रेत्याने परत घेतलाच पाहिजे. ग्राहकाच्या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात झाले पाहिजे. ग्राहकाला आपल्या राहत्या गावी दावा लावता येतो. हे सगळे योग्यच आहे, यासाठीच आम्ही पेढे वाटले होते. परंतु विक्रेत्याच्या दाव्याची पोच किती तासांत द्यावी, नाकारला तर कारण द्यावे की नाही, याची मुदत त्या नियमांत नाही. कायद्याच्या डोळ्यांपुढे दोनच माणसे आहेत : घेणारा आणि विकणारा. मधला तिसरा केवळ जागा देणारा, असे मानले गेले.

योगायोग असा की त्याच महिन्यात, १२ जुलै २०२० पासून, युरोपीय संघात एक वेगळा नियम लागू झाला. तो खास बाजारपेठ चालवणाऱ्या कंपन्या आणि त्यांवर विकणारे व्यापारी यांच्यासाठी आहे. विक्रेत्याला काढून टाकायचे तर कारण लेखी द्यावे, अटी बदलायच्या तर किमान पंधरा दिवस आधी कळवावे, तक्रारीसाठी कंपनीत यंत्रणा असावी आणि बाहेरच्या मध्यस्थाची सोयही असावी. तिथल्या ग्राहकाला दूरवरून केलेली बहुतेक खरेदी चौदा दिवसांत विनाकारण मोडता येते. पण विक्रेत्याने पत्करला नसेल तर परतीचा खर्च ग्राहकाचा, आणि पाहण्यापारखण्यापलीकडे वस्तू वापरून तिचे मोल कमी केले तर तीही जबाबदारी त्याची. नारदाने सांगितले त्यापासून हे काय फार वेगळे आहे? ग्राहकाचा हक्क शाबूत ठेवून त्याच्यावर थोडा भार टाकता येतो, हे तिथे कायद्याने मान्य केले.

आपल्याकडे एवढे झाले तरी पुष्कळ. मुदत मालाच्या जातीवर ठरावी. घडी मोडलेल्या वस्त्राचा नियम वेगळा असावा. निव्वळ मन बदलले म्हणून केलेल्या परतीचा काही खर्च घेणाऱ्याने सोसावा. आणि ज्याच्या हातात पैसे आहेत, निवाड्याचा शेवटचा शब्द त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणाचा असावा. ग्राहक पंचायतीच्या जुन्या मंडळींनीच ही मागणी उचलावी, असे मला मनापासून वाटते. प्रामाणिक विक्रेते कंटाळून उठून गेले तर बाजारात काय उरते, हे अॅकरलॉफने सांगून ठेवलेच आहे.

असो. सूनबाईच्या प्रश्नाचे उत्तर इतकेच की आप्पा गाडीत बसून गिऱ्हाइकाच्या घरी जायचे. तिला ते शक्य नाही. घर कुठे आहे ते लेबलावर दिसते, पण ती तिथे गेली तर गुन्हेगार ठरेल.

परवा वह्या पुजायला काढल्या तेव्हा मी तिला म्हटले की जांगड वहीत शेवटी काही कोरी पाने आहेत, गेल्या वर्षीची ती साडी तिथे लिहून ठेव. तिने तारीख लिहिली, रंग, काठ आणि किंमत लिहिली. नावाच्या रकान्यापाशी ती थांबली आणि तिथे तिने ऑर्डरचा लांबलचक आकडा उतरवला. ‘ठेवली’ आणि ‘परत’ हे दोन रकाने उरले होते. तिने माझ्याकडे पाहिले. मला काही सुचले नाही. मग तिने ‘परत’च्या रकान्यात लिहिले : दुसरीच.